घरी न्या, सेवा करा

१

"आता घरी न्या, सेवा करा."

आपल्या वस्त्यांतील बहुतेक घरांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेले आहे. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, केसपेपर हातात देताना, रुग्णाच्या नातेवाइकांना ते सांगितले जाते. सांगणाऱ्याचा आवाज कठोर असतोच असे नाही. कधी तो हळुवारही असतो. पण त्या वाक्याचा अर्थ एकच असतो. यापुढे आमचे काम संपले.

माझ्या आजीच्या बाबतीत हे वाक्य मी स्वतः ऐकले. मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, म्हणून डॉक्टरांशी बोलायला मला पुढे केलेले. जन्मभर मिश्री आणि तंबाखू लावलेल्या आजीच्या गालाला आतून जखम झाली होती आणि ती आता बाहेर फुटली होती. केसपेपरवर इंग्रजीत काय लिहिले आहे ते मला वाचता येत होते. ते मायला मराठीत सांगण्याचे धैर्य मात्र झाले नाही. दवाखान्याने तापावर देतात तसल्या गोळ्यांची एक पुडी दिली. एस. टी.च्या मागच्या बाकावर आजीला आडवे करून आम्ही गावी आलो.

त्यानंतर आजी चार महिने जगली. त्या चार महिन्यांत मायने काय केले आणि मी काय केले, हे या लेखाच्या शेवटी सांगणार आहे. कारण ते सांगितल्याशिवाय हा इतिहास लिहिण्याचा मला अधिकार नाही. आधी त्या वाक्याकडे वळू. 'घरी न्या, सेवा करा.' या वाक्यात दोन आज्ञा आहेत. पहिलीत नकार आहे, दुसरीत कर्तव्य. नकार कोणी दिला आणि कर्तव्य कोणाच्या गळ्यात पडले, याचा माग काढू लागलो की आपण फार मागे जातो. बरा न होणाऱ्या माणसाच्या वेदना कमी करणे, त्याची जखम स्वच्छ ठेवणे, त्याच्या मनाला आणि घरच्यांना आधार देणे यास आज वैद्यकात पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत आपण उपशामक सेवा म्हणू. हे शास्त्र नवे आहे. पण मरणाऱ्या माणसाला हात कोणी लावायचा, हा प्रश्न या देशात नवा नाही. तो जातिव्यवस्थेइतकाच जुना आहे.

२

मराठीत रुग्णसेवेला 'शुश्रूषा' असा एक भारदस्त शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकणे, धन्याचे ऐकणे आणि मग त्याची सेवा करणे असा तो अर्थ सरकत गेला. मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात वर्णांची कामे वाटून दिली आहेत, तेथे शूद्राच्या वाट्याला एकच काम आले आहे. वरच्या तिन्ही वर्णांची शुश्रूषा, आणि तीही मनात असूया न ठेवता! सेवा ही या व्यवस्थेत माणसाने माणसासाठी आपखुशीने केलेली कृती राहत नाही. ती जन्माने अंगावर टाकलेली वेठ होते. वेठीला मोबदला नसतो, मान नसतो आणि नकाराचा हक्कही नसतो.

मरणाच्या बाबतीत तर ही वाटणी आणखी उघडी आहे. ज्याला नातेवाईक नाहीत असे प्रेत गावाबाहेर वाहून न्यावे, हे काम मनूने चांडाळादी जातींकडे दिले. मेलेल्यांची वस्त्रे हीच त्यांची वस्त्रे ठरवली. आपल्याकडे हा कायदा पोथीत पडून राहिला नाही. गावात कोणी मेले की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा न्यायचा तो महाराने, सरणाची लाकडे मसणवट्यात न्यायची ती महाराने, मेलेले ढोर ओढायचे तेही महारानेच. माझ्या आज्याच्या वाट्याला येसकरकी होती. मयताचा सांगावा घेऊन तो रात्री-अपरात्री ओढे ओलांडून जाई आणि वेशीबाहेर उभा राहून ओरडून निरोप देई. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली. काम जायला पुढे बरीच वर्षे लागली.

जन्माच्या वेळीही तेच. गावोगावी सुईणपण मांग-महार बायांकडे असे. माझ्या आजीने गावातल्या कितीतरी बाळांची नाळ कापली. ज्या हातांनी बाळ या जगात घेतले, ते हात बाहेर पडताच त्या घरात पाणी शिंपडले जाई. म्हणजे माणसाला लागणारा पहिला हात आमचा आणि शेवटचे ओझेही आमच्याच खांद्यावर. मधल्या साऱ्या आयुष्यात मात्र आमचा स्पर्श नको!

केवळ अस्पृश्यांनाच नव्हे, रोग्याला हात लावणाऱ्या वैद्यालाही या धर्मशास्त्राने हीन लेखले आहे. अश्विनीकुमार हे देवांचे वैद्य. परंतु माणसांमध्ये फिरतात म्हणून ते अशुद्ध, त्यांना यज्ञात सोमाचा वाटा नाही, अशी कथा ब्राह्मणग्रंथांत येते. वैद्याचे अन्न मनुस्मृतीने पुवासारखे मानले आहे. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी प्राचीन भारतातील विज्ञान आणि समाज यांवरील १९७७ च्या आपल्या ग्रंथात या तिरस्काराची मीमांसा केली आहे. रोग्याच्या जखमेला हात घालणारा, उच्चनीच न पाहता साऱ्यांत मिसळणारा, प्रत्यक्षावर विश्वास ठेवणारा माणूस वर्णव्यवस्थेला परवडणारा नव्हता, असे त्यांच्या मांडणीचे सार सांगता येईल.

आयुर्वेदाला मात्र सरसकट दोष देऊन चालणार नाही. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. चौघांत परिचारकाला स्थान आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. पुढे जाऊन या शास्त्राने रोगांचे भेद केले, त्यांत 'साध्य' आणि 'असाध्य' यांच्यामध्ये 'याप्य' असा एक प्रकार मानला. याप्य म्हणजे जो रोग पुरता बरा होत नाही, पण उपचार चालू ठेवले तर माणूस तगून राहतो. सुश्रुताने त्यासाठी पडू घातलेल्या घराला दिलेल्या टेकूचा दृष्टांत वापरला आहे. उपशामक सेवेसाठी इतका नेमका दृष्टांत आधुनिक पुस्तकांतही क्वचित सापडेल. परंतु याच परंपरेत असाध्य रोग्याला हात लावू नये, लावला तर वैद्याचे धन, विद्या आणि कीर्ती यांची हानी होते, असाही इशारा आहे. असाध्य रोग्यासाठी एक संज्ञाच आहे. 'प्रत्याख्येय', म्हणजे नकार देण्याजोगा. व्हरांड्यात ऐकलेल्या त्या वाक्याचा पूर्वार्ध येथे आहे. ज्याला 'घरी न्या' म्हणून सांगितले, तो प्रत्याख्येय झाला.

३

या नकाराला पहिला मोठा नकार बुद्धाने दिला.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि विहारातले कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तो दुसऱ्यांच्या उपयोगी पडला नाही, म्हणून इतरांनी त्याला सोडून दिले होते. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला सांगितले. बुद्धाने पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग एकाने डोके आणि दुसऱ्याने पाय धरून त्या भिक्खूला उचलले आणि मंचावर निजवले. त्यानंतर संघाला बोलावून बुद्धाने सांगितले ते असे की, तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार? आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

हा प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बुद्धाच्या कारुण्याविषयीच्या भागात मुद्दाम घेतला आहे. आपण तो दयेची गोष्ट म्हणून वाचतो आणि पुढे जातो. पण तो दयेपुरता नाही. तो व्यवस्थेचा प्रश्न आहे. विष्ठेला हात लावणे हे ज्या समाजात विशिष्ट जन्माचे काम होते, त्या समाजात शाक्यकुळात जन्मलेला संघाचा शास्ता स्वतः पाणी ओतत होता. त्याने भंगी शोधून आणला नाही.

रोग्याची सेवा करणाऱ्यासाठी पालीत 'गिलानुपट्ठाक' असा शब्द आहे. 'उपट्ठान' म्हणजे जवळ उभे राहणे. एका परंपरेत सेवेचा शब्द आज्ञा ऐकण्यातून आला, तर दुसरीत जवळ उभे राहण्यातून. दोन्ही शब्दांत जे अंतर आहे, तेच दोन्ही समाजरचनांत आहे. चांगल्या शुश्रूषकाचे जे गुण विनयात सांगितले आहेत तेही पाहण्यासारखे आहेत. त्याला औषध तयार करता आले पाहिजे; रोग्याला काय मानवते आणि काय मानवत नाही हे कळले पाहिजे; त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा केली पाहिजे; मल, मूत्र, थुंकी, वांती उचलताना त्याला किळस वाटता कामा नये; आणि योग्य वेळी बोलून रोग्याच्या मनाला उभारी देता आली पाहिजे. औषध, आहार, स्वच्छता आणि मन, या चारही बाजू येथे आहेत.

त्याच ठिकाणी आणखी एक नियम आहे. भिक्खू मरण पावला तर त्याचे चीवर आणि पात्र संघाने त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे, असा. मला हा नियम फार महत्त्वाचा वाटतो. मेलेल्याचे वस्त्र मनूनेही सेवकांना दिले आणि बुद्धानेही दिले. पण मनूच्या व्यवस्थेत ते वस्त्र म्हणजे हीनतेचा गणवेश झाला, आणि बुद्धाच्या संघात तेच वस्त्र सेवेची जाहीर कदर ठरले. एकाच कापडाचे हे दोन इतिहास आहेत.

मज्झिमनिकायात अनाथपिंडिकाच्या मरणाची हकीकत आहे. श्रावस्तीचा हा मोठा दाता मरणशय्येवर होता. सारिपुत्त आनंदाला घेऊन त्याच्या घरी गेला. त्याने आधी उपदेश केला नाही. आधी वेदना कमी होत आहेत की वाढत आहेत, असे विचारले. वाढत आहेत, असे उत्तर आले. मग त्याने अनासक्तीचा उपदेश केला. तो ऐकून अनाथपिंडिक रडू लागला. आपण इतकी वर्षे संघाची सेवा केली, पण असे बोलणे कधी ऐकायला मिळाले नाही, असे तो म्हणाला. पांढरी वस्त्रे नेसणाऱ्या गृहस्थांना हा उपदेश केला जात नाही, असे त्याला सांगण्यात आले. तेव्हा त्या मरणाऱ्या माणसाने विनंती केली की, गृहस्थांनाही तो द्या. समजू शकतील अशी माणसे त्यांच्यातही आहेत. ज्ञान वरच्या थरात कोंडून ठेवण्याचा मोह संघालाही होता, आणि ते खाली आणण्याची मागणी एका मरणाऱ्या माणसाने केली, हे आपण विसरू नये.

खुद्द बुद्धाच्या शेवटच्या दिवसांत चुंद लोहाराच्या घरचे जेवण त्याला बाधले. आपल्यामागे चुंदाला कोणी दोष देईल, तो स्वतःही जन्मभर जळत राहील, हे ओळखून त्या माणसाच्या मनावरचे ओझे उतरवण्याची व्यवस्था बुद्धाने जाण्यापूर्वी केली. मरणाऱ्यामागे राहणाऱ्यांचे दुःख हाही सेवेचाच विषय आहे, हे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. बुद्धाने ते आचरून दाखवले होते.

अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्या चिकित्सेची सोय केल्याचे नोंदवले आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला चिनी यात्रेकरू फा-हियान याने पाटलिपुत्रात गरीब, अपंग आणि अनाथ यांना मोफत औषध व अन्न देणारी घरे पाहिली. त्याच फा-हियानने असेही लिहिले आहे की, चांडाळ गावाबाहेर राहतात आणि नगरात शिरताना लाकूड वाजवून आपण येत असल्याची सूचना देतात. एकाच प्रवाशाने या दोन्ही गोष्टी पाहिल्या. त्या औषधघरांच्या दारात लाकूड वाजवत गेलेला चांडाळ आत घेतला जात होता काय? या प्रश्नाचे उत्तर कोणी लिहून ठेवलेले नाही. आपला इतिहास असाच न लिहिलेल्या जागांत आहे.

४

मधल्या शतकांत सामान्य माणसाच्या मरणशय्येभोवती दुसरीच गर्दी झाली. माणूस जाणार असे दिसू लागले की त्याला खाटेवरून भुईवर घ्यायचे, तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घालायचे, वैतरणी पार व्हावी म्हणून गाय किंवा तिची किंमत ब्राह्मणाला द्यायची, नंतर गरुडपुराण लावायचे. या विधींतून कुणाला धीर मिळाला असेल, हे मी नाकारत नाही. शेवटच्या घटकेला आपली माणसे भोवती असणे, ओळखीचा आवाज कानावर पडणे, याचे मोल मोठेच आहे. मुसलमान घरात मरणाऱ्याच्या कानाशी कलमा म्हणतात, ख्रिस्ती घरात धर्मगुरू येऊन तेल लावतो; त्यामागेही तीच गरज आहे. पण वैतरणीच्या विधीत रोग्याच्या वेदनेला कोठे जागा आहे? सगळे लक्ष पुढच्या प्रवासावर आणि त्याच्या भाड्यावर! जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये 'ब्राह्मणांचे कसब' लिहून जन्मापासून मरणापर्यंत कुणब्याची लूट कशी चालते ते दाखवले, ते यासाठीच.

जोतीरावांचे स्वतःचे शेवटचे दिवस या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. १८८८ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, उजवे अंग गेले. त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहून पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले, तेव्हा सावित्रीबाईंनी अंत्ययात्रेत स्वतः टिटवे धरले. पुढे १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. डॉक्टर झालेल्या यशवंताने शहराबाहेर हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे पोचवले. त्यातून त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेगच्या भीतीने सख्खी माणसे एकमेकांना टाकून पळत होती, त्या दिवसांत एका बाईने महाराचे पोर पाठीवर घेतले. महाराष्ट्रात आधुनिक रुग्णसेवेचा इतिहास कोणाला लिहायचा असेल तर त्याने या पाठीपासून सुरुवात करावी.

याच्या उलट टोकाची एक हकीकत बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदवली आहे. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापले गेले होते. त्याची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. वस्तीबाहेर आणून दाखवा, या अटीवर तो आला. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, मुसलमानाने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला लावला. आणि परतताना तो त्याच क्रमाने डॉक्टरकडे गेला. रोग न्यूमोनियाचा निघाला. डॉक्टरने औषध पाठवले, पण पुन्हा तपासायला यायचे नाकारले. ती बाई गेली.

हे डॉक्टर शिकलेले होते. थर्मामीटर विलायती होता. विज्ञान आले, पण ते तीन हात फिरून आले आणि स्पर्श आलाच नाही. १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली गेली होती. दोन वर्षांनी ती एका डॉक्टरच्या बोटांत जिवंत होती.

५

युरोपात मरणाऱ्यांच्या सेवेची आधुनिक चळवळ ख्रिस्ती जोगिणींच्या आश्रमांतून वाढली. डब्लिनमध्ये १८७९ साली आणि लंडनच्या हॅक्नी भागात १९०५ साली अशी घरे निघाली. त्यांच्याकडे माया होती. वेदनेचे शास्त्र अजून नव्हते. ते आणले सिसिली साँडर्स यांनी. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९४८ साली लंडनमध्ये डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडमधून आलेला एक ज्यू वेटर कर्करोगाने एकाकी मरत होता. त्याच्याशी झालेल्या बोलण्यातून साँडर्सना आपले काम सापडले. त्याने आपले पाचशे पौंड त्यांच्या भावी घराच्या खिडकीसाठी ठेवले. १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे रुग्णालय उभे राहिले. वेदना शरीराची असते तशीच मनाची, सामाजिक आणि आत्मिकही असते. आणि मॉर्फिन दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता ठराविक वेळाने दिले पाहिजे, हे साँडर्स यांनी मांडले. एका परदेशी वेटरच्या खाटेशी या विचाराचा जन्म झाला, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवावी.

धर्माची माया आणि वेदनेचे शास्त्र एकत्र नांदले नाही तर काय होते, हेही दिसले. १९५२ मध्ये कलकत्त्याच्या कालीघाटला मदर तेरेसांनी मरणोन्मुखांसाठी घर उघडले. रस्त्यावर मरणाऱ्या माणसांना त्यांनी छप्पर दिले, हात दिला; तो हात कोणाची जात पाहत नव्हता, हे मान्यच केले पाहिजे. पण १९९४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी तेथे भेट देऊन तीव्र वेदनाशामकांचा अभाव असल्याचे लिहिले. दुःखाला पवित्र मानले की ते कमी करण्याची घाई राहत नाही. पूर्वकर्माचा सिद्धान्त असो वा क्रूसाचा, वेदनेला अर्थ देणारा धर्म वेदनेला औषध देण्याच्या आड येऊ शकतो.

आपल्याकडे मुंबईत कर्करोगाचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथे खेड्यापाड्यांतून येऊन पदपथावर महिनोन्‌महिने राहणारी माणसे आजही दिसतात. उपचार थांबल्यावर यांनी जायचे कोठे? कर्करोगाचे शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला 'शांती अवेदना' ही संस्था सुरू केली. ती भारतातील पहिली अशी संस्था. पुढे गोव्यातही तिची शाखा झाली. पुण्यात १९९७ मध्ये सिप्लाचे केंद्र सुरू झाले. दोन्हीकडे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पण शहरातली ही मोजकी घरे मराठवाड्याच्या वस्तीपर्यंत कशी पोचणार? खरी वाट केरळने दाखवली. कालिकतला १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्था काढली. पुढे शेजारपाजारच्या माणसांनाच शिकवून तयार केले आणि नर्सला घरोघर नेले. २००८ मध्ये त्या राज्याने उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले. तेथे 'घरी न्या' हे वाक्य अर्धे राहत नाही. घरी न्या, आम्ही येतो, असे ते पुरे होते.

आणि औषध? अफू या देशात कायदेशीररीत्या पिकते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने तिची शेती होते. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. कर्करोगाच्या दुखण्यावरचे स्वस्त आणि खात्रीचे औषध, मॉर्फिनची गोळी, यातूनच होते. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ झाले की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१२ मध्ये केंद्राने उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला, २०१४ मध्ये कायदा सुधारून वाट मोकळी केली. तालुक्याच्या गावात मात्र ती गोळी आजही सहज हाती लागत नाही. शेतात अफू पिकते आणि शेतमजूर वेदनेने ओरडत मरतो. यास नशीब म्हणायचे की व्यवस्था?

६

आता आपल्या घरात यावे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करवून घेणार नाही, असे त्यांत आहे. वैतरणीची गाय गेली, गरुडपुराण गेले. ही मुक्ती फार मोठी होती. पण मरणाऱ्याच्या उशाशी जी जागा रिकामी झाली, तेथे आपण काय ठेवले? माणूस गेल्यावर आपण त्रिशरण-पंचशील म्हणतो, पुण्यानुमोदन करतो. तो जाण्यापूर्वीच्या चार महिन्यांसाठी आपल्याकडे काय आहे?

बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला. गरिबांच्या दुःस्थितीच्या जबाबदारीतून राज्याला आणि समाजाला सोडवणे, याखेरीज त्या सिद्धान्ताचा हेतू दिसत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. तरीही आजीच्या त्या चार महिन्यांत, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असलेल्या आमच्या खोलीत, सांत्वनाला आलेली माणसे म्हणतच होती, "काय भोग असतील मागच्या जन्मीचे!" आणि आजी, जिला धड बोलता येत नव्हते, ती खुणेने मायला विचारी, म्यां कोनाचं काय वाईट केलं? तिच्या गालाच्या दुखण्याला औषध नव्हते. या दुखण्याला होते. ते आमच्या भिंतीवर टांगलेले होते. तिच्या उशाशी बसून ते तिला समजेल अशा बोलीत सांगायला कोणी नव्हते. अनाथपिंडिकाची मागणी आमच्या घरात अडीच हजार वर्षांनी तशीच पडून होती.

आजीच्या हातावर जन्मलेली गावातली माणसे विचारपूस करायला आली. काही ओसरीपर्यंत आली, काही आतही आली. काळ बदलला नाही असे मी म्हणणार नाही. पण जखम रोज धुतली ती मायनेच. पहाटे उठून, रोजगाराला जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा, मिठाच्या कोमट पाण्याने. त्या जखमेला वास होता. मायने आपल्या लुगड्याचे धडपे उकळून, वाळवून त्याच्या पट्ट्या केल्या होत्या. पेज गार करून चमच्याने एका कडेने घालायची. रात्री आजी कण्हू लागली की तिचे डोके मांडीवर घेऊन बसायची. गिलानुपट्ठाकाचे जे गुण विनयात सांगितले आहेत, त्यांतला एकही गुण त्या निरक्षर बाईत कमी नव्हता. आणि तिला कोणी चीवर दिले नाही. सून आहे, तिचे कामच आहे, असे सगळे म्हणाले. मीही म्हणालो असेन. सेवेची वेठ आपण जातीतून बाहेर काढण्यासाठी झगडलो आणि ती घरातल्या बाईच्या गळ्यात तशीच राहू दिली. शूद्राची शुश्रूषा आपण नाकारली; सुनेची शुश्रूषा मात्र आपल्याला धर्म वाटते.

आणि मी? मी शनिवारी गावी जायचो आणि दाराजवळ बसायचो. रूमाल नाकाशी धरायचो. एकदा माय आजारी होती तेव्हा तिने मला पट्टी बदलायला सांगितली. मी पुढे झालो, पट्टी सोडली आणि उठून बाहेर आलो. पोटात ढवळून आले होते. शेजारच्या काकूंनी येऊन ते काम केले. ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या गावाची घाण उपसली, त्या घराण्यातला पहिला पदवीधर आपल्याच आजीच्या जखमेला हात लावू शकला नाही. शिक्षणाने मला प्रश्न विचारायला शिकवले, हे खरे. त्याबरोबर त्याने मला किळसही शिकवली. ती किळस माझी नव्हती, ती वरच्यांची होती. पण पदवीबरोबर ती मी घरी घेऊन आलो. काठेवाडातल्या त्या डॉक्टरचा थर्मामीटर काही क्षण माझ्याही हातात होता.

म्हणून मला असे वाटते की, आपल्या विहारांतून, वाचनालयांतून, महिला मंडळांतून काही साध्या गोष्टी सुरू झाल्या पाहिजेत. वस्तीतल्या चार तरुणांनी, त्यांत निम्मे तरी पुरुष असावेत, जखम धुणे, कूस बदलणे, अंथरुणाला खिळलेल्याची स्वच्छता करणे हे शिकून घ्यावे. मॉर्फिन मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे, म्हणून जिल्हा रुग्णालयाकडे त्याची मागणी लेखी करावी. मरणाऱ्याच्या उशाशी बसून भोग आणि प्रारब्ध यांच्या गोष्टी बोलणाऱ्याला नम्रपणे थांबवावे. आणि सेवा करणाऱ्या बाईला आठवड्यातून एक रात्र तरी झोप मिळेल, अशी पाळी लावावी. यासाठी मोठी इमारत लागत नाही, देणगीदार लागत नाही. हे सेवेचे काम आहे म्हणून ते खालचे, असे कोणी म्हणेल, तर त्याला महावग्गातला तो प्रसंग सांगावा. पाणी कोणी ओतले होते, ते विचारावे.

आजी श्रावणात गेली. त्या रात्री मी घरी होतो. मायने मला हाक मारली आणि म्हणाली, "ये, जवळ बैस." मी गेलो. आजीचा हात हातात घेतला. नाळ कापणारा तो हात हलका झाला होता, गार पडत होता. चार महिन्यांत मी तिला पहिल्यांदा हात लावत होतो. तिने बोटे किंचित आवळली, असे मला वाटले. फार उशीर झाला होता.